रुग्ण सहाव्या महिन्यात सुस्थितीत

मामा गेला, आणि त्याच्या गाठीवर भाचा सहयोगी प्राध्यापक झाला. एवढं सांगून टाकलं की गोष्ट संपते. पण यातला पहिला भाग घडलेलाच नाही, असं एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात, पान दोनशे चौदावर, छायाचित्रांसह छापून आलं आहे. आणि छापलेल्या मजकुराचा मान राखायचा ही खुद्द मामाचीच शिकवण. तेव्हा मामा गेलेला नाही. मामा ठणठणीत आहे. आपण तसंच धरून चालू, आणि मध्येच कुठे जीभ घसरली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ज्या सकाळी हे सुरू झालं त्या सकाळी भाच्याच्या डोक्यात मामा नव्हता, आराखडा होता. त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक शिक्षकाकडून दरवर्षी ‘व्यावसायिक वाटचालीचा पंचवार्षिक आराखडा’ नावाचा चार पानी फॉर्म भरून घेत. पहिल्या पानावर डावीकडे एक चौकट, ‘आज आपण कुठे आहात?’, उजवीकडे दुसरी, ‘पाच वर्षांनी कुठे असाल?’, आणि दोन्हींच्या मध्ये आधीच छापलेला, वर चढत गेलेला एक बाण. खाली उतरणारा बाण बहुधा छापखान्यात नसावा. पहिल्या वर्षी त्याने डाव्या चौकटीत प्रामाणिकपणे ‘तळमजला, शवागाराशेजारी’ असं लिहिलं होतं. कारकुनाने फॉर्म परत पाठवला, वर शेरा: ‘येथे पद लिहावे. थट्टा नको.’ थट्टा नव्हती. पॅथॉलॉजी विभाग खरोखरच तळमजल्यावर होता आणि तिथल्या फॉर्मालिनच्या वासाने नऊ वर्षांत त्याच्या सगळ्या शर्टांच्या काखा, पाकीट, आणि, त्याच्या समजुतीप्रमाणे, त्याचा आवाजसुद्धा मुरवून टाकला होता. नऊ वर्षं तो सहायक प्राध्यापक होता. वरच्या पायरीसाठी चार शोधनिबंध लागत. त्याचे तीन होते. पहिला, विभागाच्या संग्रहालयातल्या बरण्यांच्या झाकणांचं सर्वेक्षण. दुसरा, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाबद्दल काय वाटतं यावर (काही वाटत नाही, असा निष्कर्ष निघाला). तिसऱ्यात तो नऊ लेखकांपैकी पाचवा होता आणि तो निबंध कशावर आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता इतक्या वर्षांनी विचारणं बरं दिसलं नसतं. निवड समिती आठ महिन्यांनी बसणार होती. ती हुकली की पुढची जागा रिकामी व्हायला कुणीतरी निवृत्त व्हायला हवं होतं, आणि सगळे वरिष्ठ एकजात व्यायाम करत होते.

अशा डोक्याने त्याने ट्रेमधली पहिली काच उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काचेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. त्याने फोकस जुळवला आणि त्याच्या तोंडून आपोआप ‘अहाहा’ निघालं. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळ्या पेशी, एकीमागे एक अशा भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या, मधेच थबकून पुन्हा उलट फिरलेल्या, जणू कुणी सुंदर हस्ताक्षरात काहीतरी अत्यंत घाणेरडं लिहिलं होतं. हे त्याने फक्त पुस्तकात पाहिलं होतं. या गाठीचं नाव चार शब्दांचं होतं आणि जगभरात आजवर तिची चाळीसेक वेळाच नोंद झाली होती. आता विभागाची रीत अशी, की दुर्मिळ काही सापडलं तर ज्याला सापडलं त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, आणि सगळ्यांनी पाच जणांना एकदम बघता येईल अशा मोठ्या सूक्ष्मदर्शकाभोवती बसून तो प्यायचा. भाच्याने नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गाठींचा चहा प्यायला होता. आज त्याने स्वतः सांगितला, वर दूध जास्त. विभागप्रमुख आले. त्यांना सगळे पाठीमागे ‘पहिले सर’ म्हणत, कारण विभागातून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचं असे, झाकणांवरसुद्धा. त्यांनी भिंगावरचा आदल्या माणसाच्या भुवईचा तेलकट डाग स्वतःच्या ओलसर रुमालाने पुसून तो नीट सगळीकडे पसरवला, डोळा लावला, आणि ओठांनी चहा फुरकत डोळ्यांनी गाठ बघू लागले.

“काय देखणी आहे रे!” पहिले सर म्हणाले.

“मांडवात उभी केली तरी शोभेल,” एक सहकारी म्हणाला.

“वय? स्त्री की पुरुष? शीर्षकाला लागेल.”

भाच्याने सोबतचा कागद उलटला. वय अठ्ठावन्न. पुरुष. उजव्या मांडीच्या स्नायूतला तुकडा. आणि त्यावर सगळ्यात वरच्या ओळीत मामाचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, मामाच्याच घोटीव अक्षरात.

चहावरची साय त्याच्या टाळूला जाऊन चिकटली. ती जिभेने काढता येईना. पण खरा धक्का नावाचा नव्हता, आणि हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. नाव वाचल्यावर आतला आनंद ताबडतोब विझायला हवा होता. तो विझला नाही. तो आणखी चार-पाच सेकंद तसाच जळत राहिला, विसरलेल्या दिव्यासारखा, आणि त्या चार-पाच सेकंदांत त्याच्या डोक्यातून एक संपूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य गेलं: मामाच आहे, म्हणजे संमतीपत्राची अडचण नाही. त्यानंतर मळमळलं. पण त्यानंतर. त्याने स्वतःशी हा क्रम पुन्हा पुन्हा तपासून पाहिला. आधी वाक्य, मग मळमळ. उलटं असतं तर किती बरं झालं असतं! तो उठला, बेसिनपाशी जाऊन उभा राहिला, पण नऊ वर्षांच्या सवयीने पोट इतकं निर्ढावलं होतं की त्यातून काही बाहेर येईना. मागून पहिले सर विचारत होते, “साखर उरली आहे का कुणाकडे?”

उजवी मांडी. ती मांडी त्याच्या चांगल्या ओळखीची होती. वडील लवकर गेल्यावर आईने त्याला भावाच्या घरी आणलं तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि त्या घरात झोपायची जागा म्हणजे मामाची उजवी मांडी. मामा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. उरलेलं काम घरी आणून मामीसमोर मोठ्याने वाचायचा, ती मूळ प्रत धरून बसायची आणि जुळतं की नाही ते बघायची. मामा विरामचिन्हांसकट वाचायचा. ‘अर्जदार स्वल्पविराम वय वर्षे चाळीस स्वल्पविराम याने विनंती केली की स्वल्पविराम’. कसली कसली पुस्तकं असत, कायद्याची, शेतकी औजारांची, एकदा तर कोंबड्यांच्या रोगांची. पण भाच्याला त्यातलं काही कळायचं नाही, फक्त ‘स्वल्पविराम’ ऐकू यायचा आणि तो म्हटला की मामाची मांडी किंचित हलायची, कारण मामा त्या शब्दावर पायाने ठेका धरायचा. पूर्णविरामाच्या आत तो झोपलेला असे. जन्मात मामाने एकच नियम केला आणि तो मांडीवरच्या पोराला अंगाईसारखा ऐकवला: जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते पुढे जाऊ द्यायचं नाही. अक्षर असो नाहीतर माणूस. त्या मांडीत, त्याच जागी, कधीतरी एक पेशी वळली आणि मागे वळून बघायचं विसरली. आणि तिच्याकडे बघून भाच्याने अहाहा केलं.

संध्याकाळी तो मामाकडे गेला. आजारी माणसाला भेटायला जाताना लोक फळं नेतात. त्याने संमतीपत्र नेलं होतं, दोन प्रतींत. फळांची आठवण त्याला जिना चढताना झाली आणि तो मधल्या पायरीवर थांबला. पण खाली उतरून फळं घेणं म्हणजे संमतीपत्रावर साखर पेरण्यासारखं होईल असं वाटून तसाच वर गेला. मामा खुर्चीत बसला होता, मांडीवर पट्टी, पट्टीवर मुद्रितं.

“तू मला सांगितलं का नाहीस, मामा?”

“काय सांगायचं? तुझ्याकडेच येणार होती ना ती. रीतसर मार्गाने आली.”

“मला म्हणाले, जरा ग्रंथालयात जाऊन येतो,” मामी आतून म्हणाली. “आले ते मांडीला पट्टी बांधून. म्हटलं, पुस्तक चावलं की काय!”

“बरं, कशी आहे?” मामाने विचारलं.

“कोण?”

“गाठ रे, भाचेबुवा. तुझ्या ओळखीची ना ती.”

“दुर्मिळ आहे,” तो म्हणाला, आणि आपल्या आवाजात अभिमान आहे हे त्याला स्वतःला ऐकू आलं. “जगात आजवर चाळीसेकच.”

मामाने मान वळवली. “ऐकलंस का गं? जगात चाळीस. आणि तू म्हणायचीस माझ्यात काही विशेष नाही.”

“विशेष दाखवायला मांडीच सापडली होय?” मामी म्हणाली.

संमतीपत्र बाहेर काढताना त्याला इतकी घाण वाटली की त्याने ते दोन बोटांनी धरलं. मामाने मात्र ते दोन्ही हातांनी घेतलं, चष्मा लावला, कानामागची लाल पेन्सिल काढली आणि वाचायला लागला. दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या, एका वाक्याखाली नागमोडी रेघ मारली, आणि मग सही केली. “लेख येणार म्हणजे छापून येणार,” तो म्हणाला. “त्यात माझं नाव कुठे?” भाच्याने समजावलं, की रुग्णाचं नाव येत नाही, ‘अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष’ एवढंच येतं. पेन्सिल पुन्हा कानामागे गेली. “छत्तीस वर्षं लोकांची नावं शुद्ध छापून दिली,” मामा म्हणाला, “एकाचा ऱ्हस्व दीर्घ होऊ दिला नाही. आपलं कधी कुठे आलं नाही. लेखकांत नको रे, तेवढी अक्कल आहे मला. शेवटी आभार असतात ना, बारीक टायपात? तिथे. ‘गाठ: अमुक अमुक.’ छायाचित्राखाली नाव घालतात तसं.” भाचा म्हणाला, विचारतो. आणि त्याने खरंच विचारलं. पहिल्या सरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, की आभारात रंगद्रव्य पुरवणाऱ्यांचं नाव आधीच बसलं आहे, जागा नाही, शिवाय, “उद्या रुग्ण लेखक व्हायला लागले तर परवा प्रेतं प्राध्यापक होतील.” सगळे हसले. भाचाही हसला, आणि हसता हसता विभागातल्या दोन-तीन चेहऱ्यांकडे बघून त्याला वाटलं, तो ‘परवा’ केव्हाच होऊन गेला असावा. लेखकांची यादी त्या दिवशीच ठरली. पहिलं नाव पहिल्या सरांचं. दुसरं अधिष्ठात्यांचं, त्यांना काच दाखवली तेव्हा ते फोनवर होते, पण त्यांनी एक डोळा दिला होता. तिसरं शल्यचिकित्सकाचं, चौथं मांडवात उभी करणाऱ्या सहकाऱ्याचं, पाचवं भाच्याचं. पाचव्यापर्यंत गुण धरत.

गाठ पूर्ण काढली तेव्हा ती एका पांढऱ्या बादलीत तळमजल्यावर आली. कापायची कुणी, असा प्रश्न निघाला आणि पहिले सर म्हणाले, “तूच काप. घरचं कार्य आहे.” त्यांना विनोद करायचा नव्हता, त्यांना फक्त दुपारची बैठक होती. त्याने हातमोजे घातले, निळ्या कापडावर ती ठेवली, शेजारी मोजपट्टी, फोटो काढले. अकरा बाय आठ सेंटिमीटर. बाहेरून माशाच्या पोटासारखी, ओली, चमकणारी, आणि एका बाजूला मामाच्या स्नायूचा लालसर पदर चिकटलेला. तेवढाच काय तो ओळखीचा. सुरी लांब पात्याची होती. ती आत गेली तेव्हा पिकलेलं फळ कापताना येतो तसा आवाज आला आणि त्याला न नेलेली फळं आठवली. कापलेल्या तोंडावर तेच भोवरे होते, आता नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. तो मनात म्हणत होता, स्वल्पविराम, स्वल्पविराम. त्या ठेक्यावर काप पातळ आणि सारखे पडत होते. आयुष्यात इतके सुबक काप त्याने कधी पाडले नव्हते. मग त्याने हात धुतले आणि डबा खाल्ला. सगळा खाल्ला, शेवटी डब्याच्या कडेला लागलेलं बोटाने पुसून घेतलं, आणि ते बोट तोंडात असताना त्याला जी शिसारी आली ती गाठीची नव्हती. उरलेला अर्धा भाग बरणी क्रमांक बाराशे सातमध्ये गेला. झाकण त्याच्या पहिल्या निबंधातल्या वर्गीकरणाप्रमाणे ‘घट्ट बसणारे’ या प्रकारातलं होतं. विद्यार्थी तिच्यासमोर उभे राहून जांभया देत.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या महिन्यात निबंधाचा मसुदा झाला. पहिल्या सरांनी लिहिला नाही, पण शीर्षक दिलं: ‘मांडीतील सौम्य स्वभावाची एक दुर्मिळ गाठ’. चाळीस रुग्णांवरून स्वभाव ठरत नाही, असं भाचा अडखळत म्हणाला. सर म्हणाले, “स्वभाव सांगितल्याशिवाय स्थळ कोण घेतं?” मसुदा मामाने मागून घेतला. घेतला कसला, हिसकावला. म्हणाला, नाव नाही तर नाही, पण माझ्या गाठीत चुका नकोत. तीन दिवसांनी प्रत परत आली, लाल खुणांनी भरलेली. आकडे जुळत नव्हते तिथे जुळवले होते, एक तक्ता उलटा होता तो सुलटा केला होता. आणि शेवटच्या परिच्छेदात, ‘ही गाठ पूर्णपणे काढल्यास तिचा स्वभाव सौम्य असतो’ या वाक्याशेजारी समासात एक प्रश्नचिन्ह होतं. फक्त प्रश्नचिन्ह. मुद्रितं तपासणारे लेखकाला विचारतात तसं.

“हे काय?” भाच्याने विचारलं.

“तू पाहिलंस का?”

“सरांचं मत आहे.”

“मत नाही विचारलं. पाहिलंस का? पाहिलं असशील तर पूस. नसेल तर राहू दे.”

त्याने विभागात येऊन ते पुसलं. लाल पेन्सिल नीट पुसली जात नाही. समासात एक गुलाबी फराटा राहिला, नेमका त्या काचेवरच्या पार्श्वभूमीच्या रंगाचा. निबंध गेला. बाण एक बोट वर सरकला.

चौथ्या महिन्यात मामाला खोकला झाला. भाच्याने छातीचा फोटो काढवून आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मामा त्याच्या खांद्यावरून बघत होता. दोन्ही फुप्फुसांत पांढरे, शेपूट असलेले ठिपके होते. “हे स्वल्पविराम कसले रे?” मामाने विचारलं. मामाने मग बोटाने एकेक मोजले, मोजून झाल्यावर बोट शर्टाला पुसलं, आणि म्हणाला, “म्हणजे वाक्य अजून चालू आहे.” यानंतर जे घडलं नाही असं आपलं ठरलं आहे, ते एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता घडलं नाही. मामीने भाच्याला फोन केला नाही. तो सुरी तशीच टाकून, हातमोजे न काढता, रिक्षात बसून गेला नाही, आणि रिक्षावाल्याने आरशातून त्याच्या हातांकडे पुन्हा पुन्हा पाहिलं नाही. मामाचा चष्मा कपाळावर सरकवलेला नव्हता. पेन्सिल कानामागे नव्हती, ती मामीला काढता येत नव्हती असं झालं नाही, आणि ती शेवटी भाच्याने काढली तेव्हा कानामागची कातडी अजून कोमट नव्हती. शेजारी आले नाहीत. कुणीही म्हणालं नाही की सुटले बिचारे. भाच्याचा उजवा खांदा पुढे दोन दिवस दुखला नाही. आणि या सगळ्यात, गर्दीत उभा असताना, त्याच्या मनात अजिबात आलं नाही की निबंधाचं काय होणार.

पाचव्या महिन्यात नियतकालिकाचं पत्र आलं. पहिल्या सरांनी त्याला खोलीत बोलावलं. ते खुशीत होते. खुशीत असले की ते पेन्सिलीने कान कोरत, आणि पेन्सिल बघून मग तीच तोंडात धरत.

“घेताहेत लेख! एकच वाक्य हवंय त्यांना. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यात रुग्ण कसा आहे. पुढच्या महिन्यात टाक आणि पाठव.”

“सर, रुग्ण माझा मामा होता.”

“हो ना, म्हणून तर संमती एका दिवसात मिळाली.”

“तो गेला, सर. मी चार दिवस रजेवर होतो ना.”

“अरे अरे अरे.” सर खुर्चीतून अर्धे उठले. त्या अर्ध्या उठण्यात होती नव्हती ती सगळी सहानुभूती होती. मग ते बसले. “पण आपण तर सौम्य म्हटलंय.”

“हो.”

“शीर्षकात म्हटलंय.”

“हो, सर.”

“मग असं कसं केलं त्यांनी?”

पेन्सिल दातांत करकरली. सर विचार करत होते, आणि ते विचार करताहेत हे त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं. “हे बघ,” ते म्हणाले, “गेला म्हणून लिहिलंस तर निष्कर्ष पडतो. निष्कर्ष पडला की सगळं नव्याने लिहायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. तुझी समिती तोवर बसून उठेल. पुढची जागा माझी निघेल, आणि मी काही एवढ्यात निघत नाही. साखर नाही, रक्तदाब नाही. त्यापेक्षा लिही, ‘रुग्ण पुढील तपासणीस आला नाही’. सगळे तेच लिहितात. खोटं थोडंच आहे? येणारे का तो?”

भाचा महिनाभर त्या एका वाक्यासमोर बसला. ‘आला नाही.’ छत्तीस वर्षं छापखान्यात एक दिवस उशीर न केलेला माणूस, ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी मुद्रितं नेऊन देणारा माणूस, त्याच्याबद्दल छापून येणार की तो आला नाही. वाचणाऱ्याला वाटणार, बेफिकीर असेल, विसरला असेल, गावोगाव भटकत असेल. छापून आलेलं मामाबद्दलचं हे एकमेव वाक्य, आणि त्यात तो गैरहजर. त्यापेक्षा ‘गेला’ लिहावं. ‘गेला’ हे खरं होतं, आणि दोन अक्षरांचं होतं, आणि ते लिहिण्यासाठी त्याचं बोट तीनदा कळफलकावर गेलं आणि तीनदा त्याला उजवीकडची चौकट दिसली. चौथ्या वेळी त्याने भराभर लिहिलं: ‘रुग्ण सहाव्या महिन्यात सुस्थितीत आहे.’ लिहून झाल्यावर क्षणभर खरंच बरं वाटलं. जणू मामा खुर्चीत आहे, मांडीवर मुद्रितं आहेत. मग त्या बरं वाटण्याचा वास आला. हे आपण मामासाठी लिहिलं की बाणासाठी, हे त्याला पातळ काप घेऊन, रंगवून, भिंगाखाली धरूनही सांगता आलं नसतं. दोन्ही पेशी एकाच भोवऱ्यात इतक्या एकजीव फिरत होत्या. त्याने प्रत पहिल्या सरांना दाखवली. सरांनी वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पाठीवर हात ठेवला. तो हात ओलसर होता. “मी तर नुसतं ‘आला नाही’ म्हणत होतो,” ते म्हणाले. “तू पुढे जाशील.”

तो गेला. समिती बसली, चहा प्यायली, उठली. नेमणुकीचा आदेश आला त्याच आठवड्यात अंकही आला, आणि तो घेऊन तो मामीकडे गेला. न जाता चाललं असतं. पण छापून आलं की आधी मला दाखव, असं मामाने बजावलं होतं, आणि मामाला दाखवायचं म्हणजे आता तेवढंच दार होतं. मामीने अंक टेबलावर ठेवून पानं उलटली. मूळ प्रत धरून बसण्याची तिची सवय गेली नव्हती. ती प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होती. विरामचिन्हांपाशी ओठ जरा जास्त हलत. पाच नावांशी ती थांबली, मग आभारांशी थांबली, तिथे रंगद्रव्यवाल्याचं नाव होतं. मग परत मागे येऊन शेवटच्या परिच्छेदात बोट थांबलं ते हलेना.

“हे त्यांच्याबद्दल आहे ना?”

“हो, मामी.”

“सहावा महिना म्हणजे दोन महिन्यांमागचा?”

“हो.”

“मग घरी का नाही आले?”

ही थट्टा असावी म्हणून तो किंचित हसला. मामी हसली नाही. “नाही, तुम्हा लोकांकडे असतील तर तसं सांग,” ती म्हणाली. “मी काही अडवत नाही. पण चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही.” ती उठली, कपाटातून एका धुतलेल्या रुमालात बांधलेला चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन आली, आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. पेन्सिलीला टोक केलेलं होतं. मग तिने अंक मिटला, तो त्याच्याकडे सरकवला आणि चहा टाकू का, असं विचारलं नाही.

सोमवारी त्याच्या नव्या टेबलावर नवा आराखडा पडला होता. डाव्या चौकटीत पद लिहायचं होतं. ते त्याने लिहिलं. उजवी चौकट रिकामी ठेवली. बाण होता तिथेच होता, वर चढत गेलेला. मग त्याने नव्या पदाचा शिक्का असलेला कागद घेतला, हाताला लागलेल्या वासाकडे दुर्लक्ष केलं, आणि रीतसर लिहायला सुरुवात केली.

प्रति, मा. संपादक. विषय: रुग्ण पाठवण्याबाबत. महोदय, आपल्या चालू अंकात पान दोनशे चौदावर प्रसिद्ध झालेल्या निबंधातील अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष रुग्ण सहाव्या महिन्यात सुस्थितीत असल्याचे आपण छापले आहे. आमच्या नोंदी त्याच्याशी जुळत नाहीत. तथापि आपला अंक मान्यवर तज्ज्ञांनी तपासलेला असल्याने तोच ग्राह्य धरण्यात येत आहे. सदर रुग्ण अद्याप घरी पोहोचलेला नाही. त्याचा चष्मा व एक लाल पेन्सिल या कार्यालयात सुरक्षित आहेत, तसेच त्याने समासात विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देणे निम्नस्वाक्षरीकाराकडे बाकी आहे. तरी सदर रुग्ण आपल्याकडे ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत, कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते एक या वेळेत, पुढील तपासणीसाठी तळमजल्यावर पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.